वेदरबी गावाची पंधरा मते

४ मार्च १८७३, मंगळवार

आज अस्मादिकांनी एक अजरामर ठराव लिहिला आणि अख्खे गाव पोट धरून हसले!

वार्षिक ग्रामसभा. सकाळी नऊ ते दुपारी तीन. रस्ते, शाळा, कुंपणे — यांवर यथासांग भांडण झाले. मग गमतीची पदे. नवविवाहित पुरुषास डुक्करपाल, म्हणजे मोकाट डुकरांचा राखणदार, नेमण्याची आपली सनातन प्रथा; यंदा तो मान शाळामास्तरांस. बिचारे लाजून टोमॅटोसारखे झाले.

शेवटचे पद: रेल्वे कंपनीच्या सभेत गावाच्या वतीने हात वर करणारा मनुष्य. आपली एकोणीस मैलांची वेदरबी व्हॅली रेल्वे बांधली तेव्हा गावाने शेअर घेतले. ते गावाचे, म्हणून मत कोणा एकाने द्यायचे. वीस वर्षांत त्या हाताची कधी गरज पडली नाही, कारण सभेत सगळे आपलेच. त्यामुळे हे पद आम्ही हास्यरसास अर्पण केलेले आहे. गेल्या वर्षी लोहाराचे बहिरे काका होते. ते सभेत झोपले आणि झोपेत हात वर झाला, तोच ग्राह्य धरला.

यंदा मी उठून नाव सुचविले — ओबेड टटल!

सभागृह हशाने कोसळले. ओबेड वरच्या डोंगरावर एकटा राहतो. वय बावन्न, अविवाहित. दरवर्षी सभेस येतो, शेवटच्या बाकावर बसतो, मुखातून अक्षर काढीत नाही. ज्या प्रश्नास उत्तर नाही त्यास गावात म्हणतात, ‘जा, ओबेडला विचार!’

ग्रामलेखक मीच, म्हणून ठरावही मीच लिहिला आणि उच्च स्वरात वाचला: ‘गावाचा समस्त मताधिकार श्रीयुत ओबेड टटल यांस निरंकुशपणे, अपरिवर्तनीयपणे, कोणाच्याही आज्ञेविना, केवळ स्वबुद्धीने वापरण्यास देण्यात येत आहे; आणि हा अधिकार बेअर पर्वतावर हिम पडत राहील तोवर अबाधित राहील.’ टाळ्या! हात सर्वांचे वर. सही, शिक्का.

ओबेड उठला, पुढे आला, ठरावाची प्रत मागितली. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पुन्हा हशा.

५ मार्च

घशात खरखर. काल फार हसलो. पत्नी थर्झा म्हणाली, “अहो, तो माणूस हसत नव्हता, हे पाहिलंत का?” स्त्रियांस विनोद कळत नाही, असे मी म्हणालो. बीन्स गार मिळाले.

१० मार्च, सोमवार

 

दुपारच्या गाडीने वर्तमानपत्र आले. मी ते कचेरीत उघडले आणि खुर्चीवर बसायचे विसरून जमिनीवर बसलो.

उत्तरेची मोठी रेल्वे थोरल्या स्टॅनवुडांची, हे जगजाहीर. नदीकाठची रेल्वे त्यांच्या धाकट्या चिरंजिवांनी गेल्या महिन्यात घेतली. आणि पश्चिमेची, जिचे अध्यक्ष मि. कॉर्विन गेली सहा वर्षे वर्तमानपत्रांतून थोरल्या स्टॅनवुडांस दरोडेखोर म्हणत आले, ज्यांच्या शौर्यास आम्ही इथे बसून टाळ्या वाजविल्या — ते कॉर्विन स्टॅनवुडांचे जावई निघाले! लग्न होऊन सात वर्षे झाली. म्हणजे सासऱ्यास शिव्या लग्नानंतरच सुरू झाल्या. तीन रेल्वे एकमेकींशी भांडत होत्या आणि रविवारी एकाच टेबलावर जेवत होत्या!

आता त्यांच्या मधोमध एकच तुकडा त्यांचा नाही. आमचा.

११ मार्च

डीकन होइट आले. चर्चचे वडील, दुकानाचे मालक, आमच्या रेल्वेचे अध्यक्ष — तिन्ही पदे एकाच पोटावरच्या जाकिटात. मी कंपनीचा चिटणीस, म्हणून शेअरांची नोंदवही काढायला सांगितली. दार आतून लावले.

“फेन, खालच्या खोऱ्यातले शेअर कुणाच्या नावावर आहेत?”

वाचत गेलो. अपरिचित नावे. बॉस्टनचे वकील, त्यांचे कारकून, कोणी एक श्रीमती. डीकन एकेका नावावर बोट ठेवीत आणि म्हणत, “स्टॅनवुड. हाही स्टॅनवुडच.” ही सगळी नावे वर्षभरात मीच सुंदर अक्षरात उतरविली होती. एकदाही भुवई उचलली नाही.

शंभरांतले त्रेचाळीस त्यांचे. बेचाळीस खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे. ते मोडतील पण वाकणार नाहीत. उरले पंधरा. गावाचे.

“मग काळजी कसली?” डीकन म्हणाले. “गाव आपलंच आहे. गावाच्या वतीनं यंदा मत कोण देणार?”

मी ठरावांची वही पुढे सरकविली. त्यांना आठवले. त्यांचा चेहरा पाहून मला प्रथमच वाटले की हृदयविकार संसर्गजन्य असावा.

१४ मार्च, शुक्रवार

वकील क्रॉस यांस बोलाविले. ठराव रद्द करता येईल काय?

त्यांनी चष्मा पुसला. ठराव दोनदा वाचला. “हा कुणी लिहिला?”

मी म्हणालो, मी.

“अप्रतिम. इतका घट्ट ठराव मी न्यायालयातसुद्धा पाहिला नाही. निरंकुश. अपरिवर्तनीय. आज्ञेविना. कुठे फट म्हणून ठेवली नाहीत हो!”

“ती थट्टा होती.”

“तसं लिहायला हवं होतं. गावानं रद्द केला तर स्टॅनवुड न्यायालयात जातील, आणि निकाल लागेपर्यंत दोन वर्षं ओबेडच मत देणार. तुमची कंपनीची सभा नऊ एप्रिलला आहे.”

“आणि ते बर्फ पडत राहील तोवर?”

वकिलांनी खिडकीतून बेअर पर्वताकडे पाहिले. “पडतंय की.”

संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर कोणी माझ्याशी बोलले नाही. गेल्या वर्षी कोल्ड हॉलोची छोटी रेल्वे स्टॅनवुडांनी घेतली. आठ महिन्यांत रूळ उपटून भंगारात घातले, कारण त्यांच्या दुसऱ्या वाटेशी ती स्पर्धा करीत होती. तिथले लोक आता लोणी बैलगाडीने नेतात आणि वाटेत त्याचे ताक होते. आमच्या गावात लोणी आहे, लोकर आहे, आणि बाहेर पडायची वाट एकच.

ती वाट मी ओबेडच्या खिशात घातली.

१७ मार्च, सोमवार

डोंगर चढलो. चिखल घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. वितळणारे बर्फ वरून, वितळणारे अस्मादिक खालून.

ओबेडच्या घरात मी यापूर्वी कधीही गेलो नव्हतो. या गावात तेहतीस वर्षे राहून. स्वच्छ. टेबल घासून पांढरे केलेले. भिंतीवर एकच वस्तू खिळ्याने लावलेली. माझा ठराव.

मी गावाच्या हिताविषयी, पूर्वजांविषयी, स्वातंत्र्याविषयी भाषण केले. बरे झाले. ओबेडने ऐकून घेतले.

“झालं?”

“झाले.”

“यात लिहिलंय, कोणाच्याही आज्ञेविना.” त्याने भिंतीकडे बोट केले. “केवळ स्वबुद्धीने. मग तुम्ही मला काय सांगायला आलात, फेन?”

 त्याचा आवाज चांगला आहे, जड, सावकाश. मी तो पूर्वी ऐकलाच नव्हता.

मग त्याने बायबल काढले आणि त्यातून एक कागद. नऊ वर्षांपूर्वी आमच्या इंजिनाच्या ठिणगीने त्याचे गवताचे कोठार जळाले होते. त्याने तक्रार केली होती. हे कंपनीचे उत्तर, माझ्या हातचे: ‘गवताने अग्नीपासून सभ्य अंतर राखावयास हवे होते, कंपनी गवताच्या अविवेकास जबाबदार नाही.’ तेव्हा संचालक मंडळात यावर किती हसलो होतो! डीकनांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

“चांगलं लिहिता तुम्ही,” ओबेड म्हणाला. “मी दरवर्षी काढून वाचतो.”

खाली उतरताना दोनदा पडलो. उठायची घाई केली नाही.

१८ मार्च

थर्झास सर्व सांगितले. ती फक्त म्हणाली, “माफी मागितलीत?”

ते मला सुचलेच नव्हते.

२२ मार्च, शनिवार

स्वतः मि. ऑगस्टस स्टॅनवुड आले! धाकटे चिरंजीव. आमच्याच गाडीने, तिकीट काढून. रेशमी हॅट. स्टेशनाबाहेर पहिल्याच पावलास एक बूट चिखलात गेला आणि तिथेच राहिला. गावाने मदत केली नाही; गावाने पाहिले.

बैल जुंपून त्यांस ओबेडकडे नेले. तिथून अर्ध्या तासात बाहेर. संवाद गाडीवानाने दारातून ऐकला आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांस कळला.

“मि. टटल, आम्ही तुम्हाला संचालक करू.”

“मी आधीच काहीतरी आहे.”

“तुमच्यासाठी खास डबा! गादीच्या खुर्च्या. वाटेल तिकडे जा, बॉस्टन, न्यूयॉर्क —”

“मला कुठं जायचंय?”

डीकन दुकानात नाचले. लठ्ठ मनुष्य नाचतो तेव्हा बरण्याही नाचतात. मी नाचलो नाही. ‘नाही’ असे ओबेड म्हणालाच कुठे?

२६ मार्च

ओबेड रुळांवरून पायी चालला आहे! पहाटे जंक्शनपासून निघाला. हातात काठी, कमरेला पिशवी. प्रत्येक लाकडी स्लीपर काठीने ठोकतो, वहीत काही लिहितो, पुढे जातो. इंजिनचालकाने शिट्टी फुंकफुंक फुंकली. ओबेड बाजूला झाला, गाडी गेली, पुन्हा रुळांवर.

कंपनीच्या वार्षिक अहवालात मी सलग अकरा वर्षे लिहीत आलो आहे: ‘मार्ग सुदृढ आहे.’ मी तो मार्ग खिडकीतून पाहिला आहे. काचेला पडदा होता.

२९ मार्च, शनिवार

आता बाई आल्या. मुलगा हरला म्हणून थोरल्या स्टॅनवुडांनी सख्खी बहीण पाठविली — श्रीमती हॅरिएट लूमिस, विधवा, पन्नाशीच्या आसपास. आपण कोण, हे त्यांनी स्टेशनवरच मोठ्याने सांगितले. “मी स्टॅनवुडांची बहीण. मि. टटल कुठे राहतात?” बैलगाडी नाकारली. बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांनिशी डोंगर चढू लागल्या!

डीकन चर्चच्या घंटाघरात दुर्बीण घेऊन चढले. मी शिडी धरली. (धर्मस्थळाचा हा उपयोग त्यांनीच मान्य केला, मी लेखी काही दिलेले नाही.)

“काय दिसते?”

“बाहेर बसलेत. मॅपलचा रस उकळतोय. तो बर्फावर पाक ओततोय. ती खातेय.”

“आणि?”

“गोडावर उतारा म्हणून लोणच्याची काकडी खातेय. पुन्हा पाक. फेन, तिसऱ्यांदा घेतला तिनं!”

“बोलते काय?”

“ती नाही बोलत. तो बोलतोय.” डीकनांनी दुर्बीण खाली घेतली. “देवा, ओबेड बोलतोय!”

तीन तास. मग बाई उतरल्या, संध्याकाळच्या गाडीने गेल्या. त्यांना जाताना मी टोपी काढून विचारले, मि. टटल काय म्हणाले?

“कोठार कसं जळलं ते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माहीत असेलच.”

३ एप्रिल

गाव दोन पक्षांत विभागले आहे. एक म्हणतो ओबेड विकला गेला. दुसरा म्हणतो अजून किंमत ठरते आहे. काल रात्रभर जागा होतो, पण डोंगर चढलो नाही. काय सांगणार? निरंकुश.

९ एप्रिल, बुधवार

सविस्तर लिहितो. उद्या खोटे वाटेल.

सभा शाळेत. ऑगस्टस स्टॅनवुड पहिल्या रांगेत, शेजारी दोन वकील. आमचे शेतकरी भिंतीलगत, हातांची घडी. प्रस्ताव: वेदरबी व्हॅली रेल्वे स्टॅनवुडांच्या मुख्य कंपनीत विलीन करावी. त्यांचे त्रेचाळीस, होय. आमचे बेचाळीस, नाही. मग मी पुकारले, “वेदरबी गाव.” 

ओबेड शेवटच्या बाकावरून उठला. काळा कोट, जुना, इस्त्री केलेला. वही काढली.

“मी अख्खी लाइन चाललो,” तो म्हणाला. “जाताना आणि येताना. कुजके स्लीपर चार हजार दोनशे अकरा. नाल्यावरच्या पुलाला तीन खांब हवेत. अध्यक्षांनी वीस वर्षांत पूल पाहिलाय का?”

डीकनांनी छताकडे पाहिले.

“स्टॅनवुडांना दिली तर ते रूळ उपटून नेतील. तुमच्याकडे ठेवली तर खालून कुजून जाईल. मी पुष्कळ विचार केला. मला फारसा फरक दिसेना.” ऑगस्टस हसले. “पण कुजकं लाकूड बदलता येतं. नेलेले रूळ कुणी परत आणून देत नाही. गावाचं मत — नाही.”

 मग शाळेचे छत उडाले! टोप्या, आरोळ्या, शेतकरी बाकांवर. शाळामास्तर डुक्करपाल मोठ्याने रडले. ऑगस्टस स्टॅनवुडांनी हॅट उचलली आणि अत्यंत सभ्यपणे निघून गेले. ओबेड डीकनांच्या समोर उभा राहिला.

“डीकन, स्लीपर बदला.”

आणि घरी गेला. कोणीही त्यास खांद्यावर घेऊ शकले नाही, कारण तो थांबलाच नाही.

मी सभेचा वृत्तान्त लिहायला बसलो. पन्नास ओळींचे पल्लेदार वर्णन डोक्यात होते. लिहिले ते एवढेच: ‘प्रस्ताव फेटाळला. स्लीपर बदलावे.’

१० एप्रिल

वाचलो. अजून धक्का ओसरत नाही. ज्यास आम्ही विदूषक केले, त्यानेच गाव राखले. आणि विदूषक कोण, हे आता सर्वांस ठाऊक आहे. थर्झाने गरम बीन्स दिले. काळा पावही.

२७ एप्रिल, रविवार

शेवटी डोंगर चढलो. माफी मागितली — कोठाराची, पत्राची, ठरावाची. वाक्ये साधी ठेवली. फार अवघड गेले.

ओबेडने खुर्ची पुढे सरकविली. “तुम्ही थट्टा केलीत, ते मला तेव्हाच कळलं होतं,” तो म्हणाला. “मूर्ख नाही मी.”

“मग प्रत का मागितलीत?”

“आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही सोपवलं होतं. कसं सोपवलं, ते मी मोजत बसलो नाही.”

परतताना त्याने मॅपलच्या साखरेची वडी दिली. वाटेत खाल्ली नाही.

१९ मे, सोमवार

स्लीपर बदलण्यास प्रारंभ! डीकन स्वतः देखरेखीस, छत्रीखाली. मीही दोन ठोकले. दुसरा जवळजवळ सरळ बसला.

ओबेडने दुकानातून नवी हॅट घेतली. गावात चर्चा, ‘पुढारीपण चढलं!’ मी त्यांस म्हणालो, चढू द्या. आता गावाचे मत त्याच्याकडे आहे, बेअर पर्वतावर बर्फ आहे, आणि स्टॅनवुड काहीही करोत, आपण निर्धास्त झोपावे.

७ जून, शनिवार

सकाळी दहा वाजता, ग्रामलेखकाच्या कचेरीत, विवाह क्रमांक अकरा. वर: ओबेड टटल, वय बावन्न, शेतकरी, प्रथम विवाह. वधू: हॅरिएट लूमिस, वय एकोणपन्नास, विधवा. दोघेही समोर उभे, बुटांना एकाच वाटेचा चिखल.

वधूचे माहेरचे नाव, या रकान्यापाशी लेखणी थांबली.

“लिहा की, फेन,” ओबेड म्हणाला.

लिहिले. स्टॅनवुड.